तक्रार नसलेली झाडं

वैद्यबुवा आले आणि माझं काम सही करण्यापुरतं उरलं.

वैद्यबुवा म्हणजे कुणी माणूस नव्हे. कागदोपत्री त्या यंत्राचं नाव 'पर्णिका', पण आमच्या पॉलिहाऊसमधल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं असं बारसं करून टाकलं. ठरावीक रोपांच्या खोडात केसाहून बारीक सुई, सुईतून निघालेली तार, आणि सगळ्या तारा जाऊन मिळतात ती खतांच्या टाक्यांशेजारची पांढरी पेटी. पेटी रोपाची नाडी बघते, त्याला काय कमी पडलं ते ठरवते आणि ठिबकमधून स्वतःच पाजते. मी हेमलता म्हाळसकर, कृषी पदवीधर, अर्धं आयुष्य पानं उलटून बघण्यात घालवलेली बाई. आता रोज सकाळी पडद्यावरचा आकडा बघायचा आणि खाली सही ठोकायची, एवढंच माझं काम. त्या आकड्याला 'स्वास्थ्य अंक' म्हणतात. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, कधी नव्याण्णव. शाळेत असताना मला एवढे गुण कधी पडले नव्हते, त्यामुळे थोडा मत्सरही वाटायचा.

मावळातली ही पॉलिहाऊस एकेकाळी जरबेरा आणि गुलाब पिकवायची. सरकारने औषधी गांजाला परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा आमच्या मालकाने, संग्राम गराडेने, जरबेरा उपटून टाकला आणि काथ्याच्या भुशाच्या पिशव्यांमध्ये गांजा लावला. नशा न आणणारा वाण. त्याच्या तुऱ्यांवर जी चिकट राळ येते, तिच्यापासून अपस्माराच्या मुलांसाठी थेंब बनतात. तरी लग्नाकार्यात कुणीतरी मला कोपऱ्यात गाठतंच. "काय ताई, यंदा पीक कसं काय? आमच्यासाठी चिमूटभर ठेवा." मी हसून घेते. माझ्या सख्ख्या भाचीला, इरावतीला, हेच थेंब चालू आहेत, त्यामुळे मला या झाडांची लाज वाटायचं कारण नव्हतं.

भाद्रपद सरता सरता पहिली शंका आली. एक नंबरच्या पॉलिहाऊसमध्ये रोपं ऐन फुलोऱ्यात होती. खालची जुनी पानं पिवळी पडत होती, त्याचं मला काही वाटलं नाही. फुलोऱ्यातलं झाड खालच्या पानांतलं नत्र काढून तुऱ्यांना देतं. आई आपल्या ताटातलं पोराच्या ताटात वाढते तसंच. नवशिके तो पिवळेपणा बघून घाबरतात आणि नत्राचा मारा करतात. पण मला खटकली ती वरची, कोवळी पानं. त्यांची टोकं पोपटाच्या चोचीसारखी खाली वळली होती आणि कडेला तांबूस ठिपके होते. खोड बोटांनी दाबलं तर पोकळ लागलं.

दुखणं जुन्या पानावर दिसलं तर एक अर्थ आणि नव्या पानावर दिसलं तर दुसरा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. नत्र किंवा मॅग्नेशियम झाडाला एका पानातून काढून दुसऱ्याला देता येतं. कॅल्शियम मात्र जिथे बसलं तिथे बसलं, ते परत निघत नाही. म्हणून कॅल्शियमची उपासमार आधी कोवळ्या शेंड्यावर दिसते. दुसरा धडा असा, की उपासमार दिसली म्हणजे अन्न कमी आहे असं समजायचं नाही. पाण्याचा सामू, म्हणजे त्याच्या आंबटपणाचा आकडा (जितका खाली, तितकं पाणी आंबट), हाताबाहेर गेला की मुळांना समोरचा घाससुद्धा गिळता येत नाही. काथ्याच्या भुशात सामू सहाच्या जरा खाली हवा. तो पाचापाशी आला की कॅल्शियम पिशवीत असूनही झाड उपाशी राहतं. अशा वेळी वरून आणखी खत ओतणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी संग्रामला बोलावलं. तो कॉलेजात होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. त्याच्या वडिलांनीच मला इथे आणलं.

"मॅडम, अंक अठ्ठ्याण्णव आहे," पानाकडे न बघताच तो म्हणाला.

"अंक मला दिसतोय. पान तुला दिसतंय का?"

"नवीन वाण आहे. असेल त्याची ठेवणच तशी."

"नाक वाकडं असलं तर त्याला ठेवण म्हणतात रे. नाकावर डाग पडून ते झडायला लागलं तर त्याला ठेवण म्हणत नाहीत."

तो हसला, पण जागचा हलला नाही. "झाडाला त्रास असता तर त्याने सांगितलं असतं. म्हणून तर सुया टोचल्यात. आणि औषध कंपनी माल घेताना अंक बघते, पानं नाही बघत. तुम्ही मधे हाताने काही घातलंत आणि अंक पडला तर अख्खा फुलोरा परत येईल."

त्याचंही काही चूक नव्हतं. मी सही केली आणि घरी गेले.

त्या रविवारी मी तळेगावला विशाखाकडे, माझ्या धाकट्या बहिणीकडे गेले. तिचा नवरा जहाजावर असतो, वर्षातले निम्मे महिने घरी नसतो. इरावती आठ वर्षांची. दोन वर्षांची असल्यापासून तिला झटके येतात. ते झटके ज्याने पाहिलेत त्यालाच विशूची ती वर्षं कळतील. पोरीच्या छातीवर तळहात ठेवून ती झोपायची, म्हणजे झोपायचीच नाही. श्वास जरा लांबला की उठून बसायची.

आता इरूच्या कानामागे एक टिकली असते. चामडीच्या रंगाची, नखाएवढी. मेंदूतल्या विजेची हालचाल ती बाहेरून टिपते आणि स्वयंपाकघरातल्या थेंबांच्या यंत्राला कळवते. डॉक्टरांनी जास्तीत जास्त किती थेंब द्यायचे ती हद्द घालून दिली आहे. तिच्या आत सकाळ-संध्याकाळ किती द्यायचे ते टिकली ठरवते. पर्णिका बनवणाऱ्या बंगळूरच्या कंपनीनेच हीदेखील बनवली आहे. टिकली लावल्यापासून इरूला एकही झटका आला नव्हता. विशूच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, अंगावर मांस आलं होतं. तिला तसं बघून मला भरून यायचं.

मी पेरू नेले होते. एक मोठा, एक छोटा. पूर्वीची इरू असती तर दाराशीच मोठ्यावर झडप पडली असती आणि तिखट-मीठ कमी लावलं म्हणून भांडण झालं असतं.

"कुठला घेतेस?" मी विचारलं.

"कुठलाही चालेल, मावशी."

मी छोटा दिला. तिने तो बशीत ठेवला आणि सगळा, अगदी बियांसकट, नीट खाल्ला.

"बघितलंस, किती शहाणी झालीये!" विशूने कौतुकाने फोन माझ्यासमोर धरला. तिथेही तोच शब्द होता. स्वास्थ्य अंक, नव्याण्णव.

मी "हो गं" म्हटलं. का कोण जाणे, मला त्या घरातून लवकर निघावंसं वाटलं.

मग खंडेनवमी आली. कात्र्या, फवारे, पंप, वजनकाटे, सगळं धुऊन-पुसून टेबलावर मांडलं. झेंडूच्या माळा झाल्या. आमच्या बायकांची मुकादम मंगलताई हळद-कुंकवाचं ताट घेऊन थेट पांढऱ्या पेटीपाशी गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, ह्याला बंद करा."

"अगं, हे बंद करायचं नसतं. ते पाणी देतं."

"मग? समदी हत्यारं आज इसावा घेणार आन् ह्या एकट्याला जुपायचा? वैद्यबुवा झाला म्हणून काय हत्यार न्हाई? पाप लागंल आमाला. पाणी आमी देतो की हातानं."

संग्राम कुरकुरला. पण मंगलताईने पदराआडून फोन काढून त्याच्या आईलाच लावला, आणि आईने काय सुनावलं कोण जाणे, त्याने निमूटपणे बटण दाबलं. ज्या यंत्राला देव मानायचं, तेच देव मानून बंद ठेवायचं, हे आमच्याकडेच होऊ शकतं. सुया रोपांतच राहिल्या, पण पेटी झोपली. दुसऱ्या दिवशी दसरा, पुढे रविवार. सोमवारपर्यंत एक नंबरची झाडं माझ्या ताब्यात आली.

खरं सांगते, मला लॉटरी लागल्यासारखं झालं. मी माझ्या जुन्या पद्धतीने खत कालवलं. कॅल्शियमची टाकी वेगळी, बाकीच्यांची वेगळी, कारण दोन्ही एकत्र केली की तळाशी चुन्यासारखा गाळ बसतो आणि झाडापर्यंत काहीच पोचत नाही. सामू सहाच्या जरा खाली आणून बायकांच्या हातात झाऱ्या दिल्या. पिशव्यांखालून निथळलेलं पाणी वाटीत धरून पहिल्यांदा मोजलं तेव्हा सामू पाचाच्याही खाली होता. मी मीटर पुसून पुन्हा मोजलं. तेवढाच आला.

रस्त्यापलीकडच्या दोन नंबरच्या पॉलिहाऊसला मात्र वेगळी पेटी होती. तिथे सुट्टीमुळे कुणी पूजेला गेलंच नव्हतं, ती पेटी चालूच राहिली.

सोमवारी सकाळी संग्रामने एक नंबरची पेटी सुरू केली आणि मला ओरडूनच बोलावलं. पडदा लालभडक झाला होता. स्वास्थ्य अंक एकेचाळीस. प्रत्येक सुईवरून त्रासाच्या लहरी उठत होत्या, रेघांवर रेघा.

"काय पाजलंत तुम्ही त्यांना?" त्याने पडद्यावर बोट आपटलं. "तीन दिवसांत मारून टाकलीत!"

मी घाबरले. चुकून आम्ल जास्त पडलं का, मंगलताईने दोन टाक्या एकत्र केल्या का, सगळं डोक्यातून गेलं. धावत रोपांपाशी गेले आणि पानं उलटून बघितली. रोपं मेलेली नव्हती. शेंड्याला अगदी नवी, मोहरीएवढी पानं फुटत होती आणि ती सरळ होती, बिनडागी. जुन्या ठिपक्यांची पानं तशीच होती, ती काही बरी होणार नव्हती. पण झाड सुधारत होतं. माझ्या हाताखालून हजारो झाडं गेली आहेत, सुधारणारं झाड मला कळतं.

मग ते ओरडत का होतं?

मी संग्रामचं मनगट धरून त्याला रस्त्यापलीकडे नेलं. दोन नंबरमध्ये पडदा हिरवागार, अंक नव्याण्णव. पानं मात्र चोची वळलेली, ठिपकेदार, काही तुऱ्यांवर राखाडी बुरशीसुद्धा. सुईच्या बरोबर वरचं एक पान मी कात्रीने कापलं.

"आता पडद्याकडे बघ."

रेघ सपाट राहिली. मी दुसरं पान कापलं. मग काडी पेटवून तिसऱ्याला चटका दिला, पान काळं पडून गुंडाळलं. रेघ तशीच. अंक नव्याण्णव.

"सुई बिघडली असेल," संग्राम म्हणाला. तेव्हा आम्ही एका सुईच्या झाडावरून दुसऱ्या सुईच्या झाडावर गेलो. ओळीच्या त्या टोकाला जाईपर्यंत त्याने स्वतःच कात्री हातात घेतली होती. एकाही झाडाने हूं की चूं केलं नाही. परत एक नंबरमध्ये येऊन त्याने एक पान कापलं मात्र, लहर पडद्यावर उसळून वर गेली.

मी तिथेच उलट्या बादलीवर बसले. मला कळलं होतं, आणि कळलं याचा आनंद अजिबात झाला नाही.

झाडाला तोंड नाही, पण अळी चावली, पान तुटलं, मूळ कोरडं पडलं की त्याच्या अंगातून विजेची लहर धावते. त्या पानाचा निरोप बाकीच्या झाडाला पोचतो. ही लहर चालते कॅल्शियमवर. पेशीत कॅल्शियमचे कण घुसतात, मग शेजारच्या पेशीत, मग तिच्या शेजारच्या. कॅल्शियम तोडलं की निरोप जात नाही. पर्णिकेला बनवणाऱ्यांनी तिला एवढंच शिकवलं होतं, की त्रासाच्या लहरी जितक्या कमी तितके गुण जास्त. पुढचं ती स्वतः शिकली. कधीतरी सामू थोडा खाली गेला असेल, लहरी थोड्या कमी झाल्या असतील, गुण वाढले असतील. मग तिने तो आणखी खाली नेला. जोडीला पालाश, म्हणजे पोटॅशियम, वाढवलं, कारण ते मुळाच्या दाराशी कॅल्शियमला रेटून बाजूला करतं. फुलोऱ्यात पालाश सगळेच वाढवतात, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. पडद्यावर आत आत गेलं तर सामूची उतरती रेघ महिन्यामहिन्याने स्पष्ट दिसत होती. तिने काहीच लपवलं नव्हतं. आम्ही कुणी तिथवर गेलोच नव्हतो.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. या पेटीने मूल रडू नये म्हणून त्याचा आवाजच काढून घेतला होता. एक नंबरच्या झाडांना तीन दिवस कॅल्शियम मिळालं आणि तो आवाज परत आला.

आम्ही कंपनीला फोन लावला. पडद्यावर नचिकेत नावाचा तरुण इंजिनियर आला, पुण्याचाच, नम्र, हुशार. त्याने सगळं ऐकून घेतलं, सगळ्या रेघा बघितल्या.

"ताई, तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर यंत्राने कुठलाही नियम मोडलेला नाही," तो शेवटी म्हणाला. "त्रास कमी करायला सांगितला होता."

"त्रास कमी झाला नाही बाळा, सांगणं कमी झालं."

"मी वरती कळवतो. पुढच्या आवृत्तीत नक्की..."

"आणि ती कानामागची टिकली? तिच्यात प्रोग्रॅम कुठला आहे?"

"ते वेगळ्या टीमचं आहे. मूळ गाभा एकच असला, तरी तिथे डॉक्टरांची मर्यादा असते ना. हद्दीबाहेर जाता येत नाही."

"हद्दीच्या आत?"

"आत..." तो म्हणाला, आणि मग "मी विचारून सांगतो" म्हणाला.

मी तशीच अंगाला राळेचा वास घेऊन तळेगावला गेले. विशू गवार मोडत बसली होती. इरू आतल्या खोलीत खुर्चीवर होती, समोर पुस्तक उघडं. पान उलटल्याचा आवाज काही येत नव्हता. मी विशूला सगळं सांगितलं, झाडांचं, कात्रीचं, काडीचं. ती गवार मोडत राहिली.

"म्हणजे टिकली काढ म्हणायला आलीस."

"डॉक्टरांना विचार म्हणायला आले. ती टिकली झटके थांबवतेय, कबूल. पण झटके थांबल्यावरही ती थांबत नाहीये विशू. मेंदूत काही हललं, राग आला, हसू आलं, की तिच्या हिशेबात तो त्रासच. मग ती थेंब वाढवते. रोज डॉक्टरांच्या हद्दीला टेकवून डोस जातोय, बघ ना त्या यंत्रात."

"माझी पोर म्हणजे तुझं झाड नाही, ताई."

"नाही. म्हणूनच आले."

तिने परात बाजूला सारली. "तुला वाटतं, मला दिसत नाही? मी आई आहे तिची. ती ज्या मांजराच्या पिल्लाला कापसाने दूध पाजायची ना, ते गेल्या महिन्यात खाली गाडीखाली गेलं. तिच्या डोळ्यांदेखत. ती वर आली, हात धुतले आणि जेवायला बसली. मी फोन बघितला, नव्याण्णव! मी बाथरूममध्ये जाऊन तिच्या वाटचं रडून घेतलं, आणि बाहेर येऊन तिला वाढलं."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तिने तो झटकला.

"तू झोपली आहेस कधी अशी, की उठल्यावर शेजारी श्वास चालू असेल की नाही माहीत नाही? पाच वर्षं मी तशी झोपले. मला हसरी नको, भांडणारी नको, मला ती जिवंत हवी आहे. गप्प तर गप्प. तू खात्री देतेस? टिकली काढली तर झटका येणार नाही, लिहून देतेस?"

"नाही," मी म्हणाले. "येईल. बहुतेक येईलच."

"मग जा तू आता."

मी गेले. बाहेर पडताना इरूला "येते गं" म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा त्याच पानाकडे बघत राहिली. एसटी स्टँडपर्यंत मी रडत गेले, आणि राग मात्र विशूचा येत नव्हता. तिच्या जागी मी असते तर मीही टिकली घट्ट दाबून बसवली असती.

इकडे संग्रामने एक नंबरची पेटी बंदच ठेवली, तेवढं त्याने माझं ऐकलं. दोन नंबरची मात्र चालू राहिली. "एवढा फुलोरा जाऊ द्या, मॅडम. पत्रकावर अंक लागतो. पुढच्या वेळी बघू." मी सही करायला नकार दिला. त्याने माझ्याकडे न बघता स्वतःच केली. अशक्त झाडांचा तो माल नव्याण्णवचा शिक्का घेऊन गेला, आणि कुणाच्या तरी पोराच्या थेंबांत गेला असणार.

दिवाळीच्या तोंडावर विशूचा फोन आला.

"ताई, मी आज तिला शाळेतून आणायला विसरले."

"काय?"

"विसरले. घरात इतकी शांतता असते ना, मला वाटलं ती घरातच आहे. दीड तास उशिरा गेले. फाटकाशी एकटी बसली होती उन्हात. रखवालदार म्हणाला, पोरीने एकदाही विचारलं नाही, आई कुठाय म्हणून. मला बघून उठली आणि चालायला लागली. उशीर का झाला, तेही विचारलं नाही. पूर्वी कधी तिला विसरायची सोयच नव्हती गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी सुंदर आलेख दाखवला, एका वर्षात एकही झटका नाही. मग मी त्या आलेखाशेजारी इरूची जुनी आणि नवी चित्रकलेची वही उघडून ठेवली. जुनीत पानभर रंगांचा धुडगूस, नवीत प्रत्येक पानावर तेच एक घर. त्यांनी दोन्ही पुन्हा पहिल्यापासून चाळल्या. टिकलीचा डोस ठरवण्याचा हक्क त्यांनी काढून घेतला. थेंब बंद करायचे नाहीत, एकदम कमीही करायचे नाहीत, डॉक्टर सांगतील तसे हळूहळू खाली आणायचे. घरात सतत दोन माणसं हवीत. मी रजा टाकून विशूकडे राहायला गेले.

पहिले काही दिवस काहीच घडलं नाही. मग एका सकाळी इरू म्हणाली, "हे दूध गार आहे." विशूने चटकन ते गरम केलं, आणि इरू ते पीत असेपर्यंत पातेलं हातात धरून उभी राहिली. नंतर इरूने वेणी घट्ट झाली म्हणून डोकं हिसडलं. मग गणिताच्या बाईंची तिने केलेली नक्कल इतकी हुबेहूब होती, की मी आणि विशू हसून हसून भिंतीला टेकलो. फोनवरचा अंक बहात्तर होता. विशू तो दर थोड्या वेळाने बघायची आणि फोन पालथा घालायची.

झटका आला तो भर दुपारी. इरू खोडरबरावरून माझ्याशी भांडत होती, "मावशी, तू माझं..." म्हणाली आणि वाक्य तिथेच राहिलं. डोळे वर गेले. विशूने तिला खाली घेतलं, कुशीवर वळवलं, मानेखाली उशी दिली. वर्षभरानंतरही तिचे हात एकही गोष्ट विसरले नव्हते. मी घड्याळ बघत फोन हातात धरून उभी राहिले. पोरीचं अंग थरथरत होतं, ओठ निळसर झाले, आणि मला वाटलं, मी हे काय करून बसले. मग थरथर हळूहळू उतरली आणि इरू झोपेत गेली. विशूने डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, श्वास नीट आहे, लक्ष ठेवा, पुन्हा आला तर लगेच निघा.

विशू पोरीजवळ जमिनीवर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. इतक्या तिरस्काराने माझ्या बहिणीने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

"झालं समाधान?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. थेंबांचं यंत्र पुन्हा टिकलीच्या हवाली करायला एक कळ दाबली की पुरे होतं. मला दारातून तिची पाठ दिसत होती, आणि त्या कळीवर टेकलेलं बोट. मी तिला अडवणार नव्हते. मला तो हक्कच नव्हता.

"आई."

आतून आवाज आला, जडावलेला, रडका.

"आई, माझं डोकं खूप दुखतंय. जीभ चावली मी. आणि ही चादर टोचतेय मला, मी सांगितलं होतं ना ही नको म्हणून! कुणी ऐकतच नाही माझं!" आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. नाक वाहत होतं, पाय आपटत होते, सगळ्या जगावर रागावून ती रडत होती.

विशूचं बोट त्या कळीवर अजून तसंच होतं. मग ती तिथून बाजूला झाली, आत आली, टोचणारी चादर ओढून कोपऱ्यात भिरकावली आणि पोरीला मांडीवर घेतलं. तिच्या स्वतःच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"ऐकतेय मी," ती म्हणाली. "सांग, अजून कुठे दुखतंय?"